तिजोऱ्या घडवणाऱ्या कारखान्याचे रणगाडे

ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात बर्नार्दिनी नावाचा एक कारखाना होता. १९१२ साली इटालियन स्थलांतरितांनी तो सुरू केला आणि त्याची खरी ओळख होती ती तिजोऱ्यांची. बँकांच्या पोलादी तिजोऱ्या, भक्कम दरवाजे आणि पुढे रोकड वाहून नेणाऱ्या गाड्यांचे सांगाडे तिथे तयार होत. १९७० च्या दशकात हाच कारखाना ब्राझीलच्या लष्करासाठी जुने अमेरिकी रणगाडे नव्याने घडवू लागला, आणि पुढे बंदही पडला. रणगाड्यांच्या संदर्भग्रंथांत आज त्याचे नाव शोधले तर ते बहुधा ‘तामोयो’ या रणगाड्याच्या नोंदीत सापडते. हा तामोयो मूठभर नमुन्यांपलीकडे कधी गेला नाही आणि कोणत्याही फौजेत दाखल झाला नाही. त्यामुळे एक अपयशी रणगाडा करून बुडालेली कंपनी, अशीच बर्नार्दिनीची प्रतिमा वाचकाच्या मनात राहते. ही प्रतिमा चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. या कंपनीचे खरे काम तिच्या नावाने नोंदलेलेच नाही, कारण ते दुसऱ्याच्या यंत्राच्या पोटात दडलेले आहे. जुन्या यंत्राला नवे आयुष्य देणाऱ्या कंपनीचा इतिहास कंपनीच्या कागदांपासून सुरू केला तर हाती फारसे लागत नाही. यंत्रापासून सुरुवात करून मागे कंपनीकडे गेले, म्हणजे मूळ निर्मात्याने काय केले होते आणि नंतर काय बदलले हे एकेक भाग घेऊन तपासले, तर मात्र बरेच काही उलगडते.

मुळात रणगाडा म्हातारा कसा होतो, हे आधी पाहायला हवे. त्याचे सगळे भाग एकाच वेगाने जुने होत नाहीत. जाड पोलादी पत्र्यांचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षे सहज टिकतो. त्याच्या खूप आधी इंजिन थकते, आणि त्याहून आधी इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे होतात. तोफेची नळी झिजते ती बदलता येते, पण समोरच्याचे चिलखत जाड झाले की तोफ नवी असूनही कुचकामी ठरते. पट्टे, रबरी पॅड, स्प्रिंगा हा तर रोजच्या झिजेचा भाग. म्हणजे एखाद्या देशाकडे तीनशे रणगाडे असतात तेव्हा प्रत्यक्षात त्याच्याकडे तीनशे चांगले सांगाडे असतात आणि त्यांत तीनशे आजारी इंजिने व तीनशे कालबाह्य तोफा असतात. श्रीमंत देश अशा वेळी नवा रणगाडा घेतो. ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही, किंवा ज्याला नवा रणगाडा विकायला कोणी तयार नाही, तो सांगाडा ठेवून आतले बदलायचे ठरवतो. १९७० च्या दशकातला ब्राझील या दुसऱ्या गटात होता.

ब्राझीलकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेकडून आलेले एम-३ स्टुअर्ट हे हलके रणगाडे होते. या स्टुअर्ट घराण्याशी मराठी वाचकाचा अगदीच परिचय नाही असे नाही. काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ रोजी जोझिला खिंडीत भारताच्या सातव्या कॅव्हलरीने जे रणगाडे चढवले ते स्टुअर्टच होते. टरेट म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग. तो उतरवून, ताडपत्रीखाली झाकून ते गुपचूप खिंडीच्या पायथ्याशी नेले होते, आणि एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. भारताने पुढे स्टुअर्ट निवृत्त केले. ब्राझीलने मात्र जोझिलाच्या लढाईनंतर पाव शतकाने त्याच घराण्यातला रणगाडा पुन्हा उघडून पाहिला. त्यात सात सिलिंडरचे, विमानाच्या धाटणीचे, गोल मांडणीचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याचे सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. तोफ ३७ मिलिमीटरची होती. १९४१ साली ती ठीक होती, पण १९७० मध्ये कोणत्याही समकालीन रणगाड्यापुढे तिचा उपयोग नव्हता.

साओ पाउलोतल्या लष्कराच्या मोटारवाहन आगारातल्या अभियंत्यांनी हे काम हाती घेतले आणि दोन खासगी कारखाने जोडीला घेतले. सांगाडा, इंजिन व चाकांची मांडणी बिसेली या कंपनीकडे गेली, आणि टरेट बर्नार्दिनीकडे. ‘एक्स-१’ हा पहिला नमुना ७ सप्टेंबर १९७३ च्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात लोकांसमोर आला. त्यात ब्राझीलमध्येच तयार होणारे स्कानिया कंपनीचे ट्रकचे डिझेल इंजिन होते आणि फ्रेंच बनावटीची ९० मिलिमीटरची तोफ होती. वाक्यात सांगितले की हे सोपे वाटते: जुने काढले, नवे बसवले. पण इथेच थोडे थांबायला हवे, कारण अशा कंपनीच्या कामाचे मोल नेमके याच वाक्यात हरवते.

जुने इंजिन हवेने थंड होणारे होते. स्कानियाचे इंजिन पाण्याने थंड होते. म्हणजे ज्या पोलादी पेटीत रेडिएटरची जागाच नव्हती तिथे रेडिएटर आला, पंखा आला, गरम हवा बाहेर काढायला झडपा आल्या, आणि त्या झडपांतून गोळ्यांच्या किरचा आत येणार नाहीत याची व्यवस्थाही आली. गोल इंजिनाच्या जागी लांबट इंजिन आले, त्यामुळे इंजिनखान्याचा आकारच नव्याने मांडावा लागला. तोफ मोठी झाली म्हणून टरेट मोठे झाले, टरेट मोठे झाले म्हणून वजन वाढले. जेमतेम तेरा टनांच्या गाडीचे वजन सतरा टनांच्या घरात गेले आणि जुन्या स्प्रिंगांना ते पेलेना. मग अमेरिकेच्याच एम-४ या तोफा ओढणाऱ्या ट्रॅक्टरची चाकांची मांडणी अभ्यासून तशी मांडणी स्टुअर्टखाली घातली गेली. एक भाग बदलला की दुसरा बदलावा लागतो आणि दुसरा बदलला की तिसरा, ही साखळी कुठे थांबवायची हे ठरवणे म्हणजेच अशा कामातले डिझाइन. कोऱ्या कागदावर रणगाडा आखणाऱ्याला निदान पेटीचा आकार स्वतः ठरवता येतो. इथे पेटी आधीच ठरलेली असते.

तोफेची निवडही अशीच विचारपूर्वक झाली होती. साधारणतः रणगाड्याची तोफ गोळ्याला प्रचंड वेग देते आणि त्या वेगाच्या जोरावर गोळा चिलखत भेदतो. वेग हवा तर नळीत दाब हवा. दाब म्हणजे जाड नळी, जाड नळी म्हणजे वजन आणि जोराचा मागचा धक्का. एवढा धक्का हलक्या रणगाड्याला सोसत नाही. त्यावरची युक्ती अशी की गोळ्याच्या पुढच्या टोकात धातूचे अस्तर असलेली शंकूच्या आकाराची पोकळी ठेवायची आणि तिच्याभोवती स्फोटके भरायची. लक्ष्यावर आदळताच स्फोटाने ते अस्तर आत कोसळते, त्यातून अतिवेगवान धातूची बारीक धार सुटते आणि ती चिलखताला भोक पाडते. ही करामत गोळा किती वेगाने आला यावर अवलंबून नसते. म्हणून कमी दाबाची, हलक्या धक्क्याची ९० मिलिमीटर तोफ छोट्या गाडीवर बसते आणि तरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पोलाद भेदते; जुन्या ३७ मिलिमीटर तोफेची मजल पन्नास-साठ मिलिमीटरपर्यंत होती. फ्रेंचांनी ही तोफ आपल्या चाकांच्या चिलखती गाडीवर वापरली होती. ब्राझीलमध्ये तिच्यासाठी नवे टरेट घडवले ते बर्नार्दिनीने. वाकवलेले, कापलेले, जोडलेले जाड पोलाद आणि अचूक बसणारी झाकणे हे तिजोरी करणाऱ्याचे रोजचे काम होते, आणि ते कसब इथे थेट कामी आले. एक्स-१ पन्नासेक तयार झाले. मग ‘एक्स-१ए२’ आला; त्याचा सांगाडाही नवा होता. म्हणजे दुरुस्तीच्या वाटेने जाता जाता या मंडळींनी एक छोटा पण स्वतंत्र रणगाडा करून दाखवला.

तरीही एक्स-१ ही तालीमच होती. खरी परीक्षा ‘एम-४१’ ने घेतली. कॅडिलॅक कंपनीने अमेरिकेतल्या क्लीव्हलंड इथे तयार केलेला हा साडेतेवीस टनांचा रणगाडा १९६० च्या दशकात अमेरिकी लष्करी मदतीतून मोठ्या संख्येने ब्राझीलला मिळाला होता आणि तोच फौजेचा कणा होता. १९७७ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांच्या सरकारने अमेरिकेशी १९५२ साली केलेला लष्करी सहकार्याचा करार रद्द केला. मानवी हक्कांच्या प्रश्नावर कार्टर प्रशासनाने ब्राझीलविषयी जो अहवाल दिला तो या निर्णयामागचे तात्कालिक कारण ठरला. तो अहवाल लष्करी राजवटीच्या छळाकडे बोट दाखवत होता, आणि त्या राजवटीच्या हातात जे कोलीत होते ते पेटते ठेवण्यासाठीच हे सगळे तंत्रकौशल्य खर्ची पडले, ही गोष्ट या इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. करार संपला, आणि शेकडो रणगाड्यांच्या सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला.

एम-४१ ची मोठी दुखणी दोन होती. त्याचे सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे ५०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन अधाशी होते. टाकीत सुमारे ५३० लिटर पेट्रोल मावायचे आणि त्यावर रणगाडा जेमतेम १६० किलोमीटर जायचा, म्हणजे किलोमीटरला तीन लिटरहून अधिक. ब्राझीलसारख्या विस्तीर्ण देशात, आणि तेही बहुतेक तेल आयात करावे लागत असताना, हे परवडणारे नव्हते. दुसरे दुखणे ७६ मिलिमीटर तोफेचे. तिचा दारूगोळाही अमेरिकेचाच. बर्नार्दिनीने पहिल्यावर उपाय म्हणून साओ पाउलोच्या परिसरातच तयार होणारे स्कानियाचे व्ही-८ डिझेल इंजिन निवडले. हे इंजिन मूळ इंजिनाहून कमी ताकदीचे होते. वरवर पाहता ही पीछेहाट वाटते, पण पल्ला पाचशे किलोमीटरच्या पुढे गेला, पेट्रोलच्या भडक्याचा धोका कमी झाला आणि रणगाड्याचे इंजिन बिघडले तर त्याचा भाग ट्रकच्या दुकानात मिळू लागला. गिअरबॉक्स मात्र मूळचा अमेरिकी ठेवला. कमी फेऱ्यांवर चालणारे डिझेल इंजिन जास्त फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनासाठी केलेल्या गिअरबॉक्सला जुळवून घेणे हे काम बाहेरून दिसत नाही, पण गाडी चालेल की नाही हे त्यावरच ठरते. ताकदीचा आकडा सोडून पल्ला आणि सुटे भाग यांच्या बाजूने कौल देणे हा निर्णय मला या सगळ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जाहिरातीत अश्वशक्ती शोभून दिसते. फौजेला मात्र गाडी उद्या सकाळी सुरू होणे महत्त्वाचे असते.

तोफेवरचा उपाय त्याहून धाडसी होता. नवी तोफ विकत घेण्याऐवजी जुन्याच ७६ मिलिमीटरच्या नळीला आतून कोरून ९० मिलिमीटरचे भोक पाडायचे, नळीची लांबी कमी करायची आणि तिच्यातून तेच कमी दाबाचे ९० मिलिमीटरचे गोळे डागायचे, जे ब्राझीलच्याच एन्जेसा कंपनीच्या ‘कास्कावेल’ या चिलखती गाडीसाठी ब्राझीलमध्ये वापरात होते. हिशेब सरळ आहे. भोक साधारण १४ मिलिमीटरने रुंदावले, म्हणजे नळीच्या भिंतीतून चारी बाजूंनी सुमारे ७ मिलिमीटर पोलाद गेले. जास्त दाबासाठी घडवलेल्या नळीची भिंत पातळ झाली, पण नव्या गोळ्याचा दाबही कमी होता, म्हणून ती टिकली. एका घावात दोन गोष्टी साधल्या: तोफ बदलली, आणि फौजेच्या चाकांच्या व पट्ट्यांच्या दोन्ही प्रकारच्या वाहनांना एकच दारूगोळा चालू लागला. अशा रीतीने तयार झालेला रणगाडा म्हणजे ‘एम-४१सी’. तीनशेहून अधिक एम-४१ बर्नार्दिनीच्या हाताखालून गेले, आणि तामोयोचे नमुने मात्र बोटांवर मोजण्याइतकेच. तरी नोंद तामोयोची होते.

असे का होते, याचे उत्तर आपण वाहनांना नावे कशी देतो आणि याद्या कशा करतो यात आहे. एम-४१सी ची नोंद एम-४१ च्या खाली जाते, एम-४१ अमेरिकेच्या खाली आणि निर्माता म्हणून कॅडिलॅकच्या खाली. बर्नार्दिनीला उरते एक उपवाक्य. हे एकट्या बर्नार्दिनीचे दुर्दैव नाही. अमेरिकेत मिनेसोटात नॅपको नावाची कंपनी होती. १९५० च्या दशकात शेव्हरोले पिकअप गाड्यांना चारही चाकांनी चालवणारा संच बसवून देण्यासाठी ती प्रसिद्ध होती, आणि जुन्या मोटारींचे शौकीन आजही तिचे नाव आदराने घेतात. याच नॅपकोने १९७० च्या दशकात नॉर्वेच्या महायुद्धकालीन एम-२४ शॅफी रणगाड्यांच्या फेरबांधणीचा आराखडा केला. कॅडिलॅकच्या दोन पेट्रोल इंजिनांच्या जागी एक डेट्रॉइट डिझेल आले, ७५ मिलिमीटरच्या जागी फ्रेंच ९० मिलिमीटर तोफ आली, आणि थुने-युरेका या नॉर्वेजियन कारखान्याने असे ५४ रणगाडे बदलून दिले. फौजेत त्यांचे नाव झाले ‘एनएम-११६’. या नावातून नॅपको दिसत नाही आणि कॅडिलॅकही दिसत नाही. दिसते फक्त नॉर्वे. वापरणाऱ्या फौजेने नवे नाव ठेवले की फेरबांधणी करणारा पुसला जातो, आणि जुने नाव ठेवले तरी पुसला जातो.

म्हणून शोधाची पद्धत बदलावी लागते. बंद पडलेल्या कंपनीची दप्तरे बहुतेक वेळा रद्दीत जातात; उरतात त्या माहितीपुस्तिका आणि प्रदर्शनात वाटलेली पत्रके. ही पत्रके मोहक असतात आणि त्यांत ‘उत्पादनास सज्ज’, ‘निर्यातीसाठी उपलब्ध’ असे शब्द सढळ हाताने आलेले असतात. ‘जेन्स आर्मर अँड आर्टिलरी’ सारख्या वार्षिक संदर्भग्रंथांत हीच माहिती कंपनीच्या हवाल्याने छापली जाते आणि मग ती तिथून शेकडो ठिकाणी नकलली जाते. एक्स-१ए२ किती तयार झाले, या साध्या प्रश्नाला कुठे २४ तर कुठे ३० असे उत्तर मिळते. असा फरक दिसला की अभ्यासकाने सरासरी काढू नये. मागवलेल्या गाड्या, तयार झालेल्या गाड्या आणि फौजेच्या नोंदवहीत क्रमांक मिळालेल्या गाड्या या तीन वेगळ्या मोजण्या आहेत, हे ध्यानात घेऊन कोणता आकडा कशाचा ते विचारावे. तिन्हींत नोंदवहीचा आकडा सर्वांत विश्वासार्ह, कारण तो लिहिताना कोणाला काही विकायचे नसते. त्याखालोखाल मोल आहे ते सरकारी राजपत्रातल्या कंत्राटांना आणि फौजेच्या दुरुस्तीपुस्तिकांना. दुरुस्तीपुस्तिकेत खोटे लिहून चालत नाही. पान उघडून मेकॅनिक समोर उभा असतो. आणि सर्वांत वर मोल आहे ते उभ्या यंत्राला. जोडणीच्या रेषा, कापून बुजवलेली भोके, इंजिनावरची पट्टी, नळीचे माप हे पुरावे कोणत्याही पत्रकाहून स्पष्ट बोलतात. ब्राझीलमध्ये जुईझ दि फोरा इथल्या फेडरल विद्यापीठातील संशोधक एक्स्पेदितो कार्लोस स्तेफानी बास्तोस यांनी हे काम चिकाटीने केले. छायाचित्रे, लष्करी कागद आणि प्रत्यक्ष वाहने यांचा मेळ घालत त्यांनी देशी चिलखती वाहनांवर पुस्तके लिहिली, आणि आज बर्नार्दिनीविषयी जे भरवशाचे म्हणता येते त्याचा मोठा वाटा या अशा कामातून आला आहे. आपल्याकडेही अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाणाऱ्याने फलकावरचा देश आणि साल वाचून पुढे सरकू नये. भारतानेही आपल्या टी-५५ रणगाड्यांवर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली होती. त्यामुळे एखादा रणगाडा मूळचा कुठला हे कळल्यावर, त्यातले काय नंतर आणि कोणाच्या हातून बदलले, हा प्रश्नही विचारायला हवा.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की श्रेय कंपनीचे नाहीच, लष्करी अभियंत्यांचे आहे. साओ पाउलोच्या आगारातल्या अधिकाऱ्यांनी कल्पना मांडली, आराखडे केले, चाचण्या घेतल्या. कारखान्याने फक्त पत्रे कापले. या आक्षेपात तथ्य आहे आणि एक्स-१ च्या बाबतीत तर ते बरेच आहे. सुरुवात लष्कराने केली यात शंका नाही. पण दशकभरात कामाचा तोल सरकत गेला. एक्स-१ मध्ये फक्त टरेट करणारा कारखाना एम-४१ मध्ये संपूर्ण वाहनाची जबाबदारी घेतो आणि तामोयोमध्ये तर नव्या रणगाड्याची. हे ज्ञान फौजेच्या कार्यालयातून आयते उचललेले नव्हते; तीनशे वेळा तेच वाहन उघडल्याने आलेले ते शहाणपण होते. पहिल्या दहा वाहनांत जे चुकते ते पुढच्या पन्नासांत सुधारते, आणि हे सुधारणे कारखान्याच्या फरशीवरच घडते. कल्पना कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण ती तीनशे वेळा सारख्याच दर्जाने अमलात कोणी आणली हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. इतिहास पहिल्याचे उत्तर देऊन थांबतो.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. तो म्हणतो की हे सगळे ठिगळकाम होते. १९८० च्या दशकात शेजारी अर्जेंटिना १०५ मिलिमीटर तोफेचा, जर्मन आराखड्याचा ‘टीएएम’ हा नवा रणगाडा तयार करत असताना ब्राझीलने १९५० च्या दशकातल्या सांगाड्यावर पैसा घातला. एम-४१सी चे चिलखत पातळच राहिले. हलत्या गाडीतून, रात्री, दूरच्या लक्ष्यावर अचूक मारा करण्याची क्षमता आधुनिक रणगाड्यात हवी. ती त्याला मिळाली नाही. हे सगळे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. बर्नार्दिनीचा रणगाडा समकालीन जर्मन लेपर्ड रणगाड्यासमोर उभा राहिला नसता. पण मोजमाप कशाशी करायचे? ब्राझीलपुढे लेपर्ड की एम-४१सी असा पर्याय त्या वेळी नव्हता. एकीकडे एम-४१सी होता आणि दुसरीकडे सुट्या भागांअभावी छावणीत गंजणारे मूळ एम-४१ होते. त्या तुलनेत पल्ला तिप्पट, इंधन स्वस्त, दारूगोळा देशी आणि इंजिन घरचे ही मोठी मजल आहे. शिवाय याच कामाच्या पोटी देशात ऑप्टिकल उपकरणे, रबरी पॅडचे पट्टे, तोफेच्या नळ्यांचे यंत्रकाम हे उद्योग उभे राहिले. सोरोकाबाच्या मोतोपेसास या कारखान्याने त्याच सुमारास एम-११३ या सैनिकवाहक गाड्यांत मर्सिडीजचे डिझेल इंजिन बसवले तेव्हा त्यालाही याच वातावरणाचा लाभ झाला.

मग तिसरा प्रश्न राहतो: एवढे चांगले काम होते तर कंपनी बुडाली का? इथे तामोयोची गोष्ट येते. पोर्तुगीज वसाहतवाद्यांशी लढलेल्या मूळ रहिवाशांचे नाव धारण करणारा हा तीस टनांचा रणगाडा आकाशातून पडला नव्हता. एम-४१ वर काम करताना जे कळले ते सगळे त्यात होते, आणि दोन वाहनांत काही भाग समान ठेवण्याचा प्रयत्नही होता, म्हणजे फौजेला दोन वेगळी भांडारे सांभाळावी लागू नयेत. पहिल्या रूपात ९० मिलिमीटर तोफ आणि स्कानियाचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन होते. शेवटच्या, तिसऱ्या रूपात १०५ मिलिमीटर तोफ आणि ७०० हून अधिक अश्वशक्तीचे डेट्रॉइट डिझेल. काटकसरीच्या रणगाड्यापासून सुरुवात झाली आणि जगाशी बरोबरी करण्याच्या ओढीने तो महाग व परदेशी भागांवर अवलंबून होत गेला. त्याच वेळी लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली, देशाच्या डोक्यावर कर्ज होते, आणि १९८९ व १९९० मध्ये महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या वर गेली. अशा काळात कोणतेही सरकार नव्या रणगाड्याची ऑर्डर देत नाही. एन्जेसा तर बर्नार्दिनीहून कितीतरी मोठी. तिचा कास्कावेल इराक आणि लिबियापर्यंत विकला गेला होता. तिने ‘ओसोरियो’ या अत्याधुनिक रणगाड्यावर सर्वस्व लावले. सौदी अरेबियात १९८७ च्या चाचण्यांत तो अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच रणगाड्यांबरोबर उतरला आणि वाखाणला गेला, पण करार झाला नाही. सौदी अरेबियाने पुढे अमेरिकी एब्रॅम्स घेतला, आणि १९९३ मध्ये एन्जेसाचे दिवाळे निघाले.

बर्नार्दिनीच्या शेवटामागे आणखी एक कारण आहे आणि ते अशा सगळ्या कंपन्यांना लागू पडते. जुन्या वाहनाचे आयुष्य वीस वर्षांनी वाढवून देणारी कंपनी स्वतःचे पुढचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक स्वतःच मिटवते. तिचे काम जितके चांगले, तितकी पुढची ऑर्डर उशिरा. गिऱ्हाईक एकच असेल, आपल्याच देशाचे लष्कर, तर मधली वर्षे काढायची कशी? आणि ती वर्षे संपण्याच्या सुमारास शीतयुद्ध संपले. युरोपातल्या फौजा आपले रणगाडे मातीमोल विकू लागल्या. ब्राझीलने १९९० च्या दशकात बेल्जियमचे वापरलेले लेपर्ड-१ घेतले आणि अमेरिकेचे एम-६० घेतले. पुढे जर्मनीचे लेपर्ड-१ए५ ही आले. वापरलेला लेपर्ड नव्या तामोयोहून कितीतरी स्वस्त होता. त्यामुळे बर्नार्दिनीच्या कामातला दोष तिला बुडवायला कारण ठरला, असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. निर्णायक ठरले ते एकच गिऱ्हाईक, कोसळलेले चलन आणि अचानक भरलेला जुन्या मालाचा बाजार. कंपनी बुडाली म्हणजे तिचे काम वाईट होते, हे अनुमान रणगाड्यांच्या इतिहासात फार सहज केले जाते आणि ते इथे साफ चुकते.

कामाची परीक्षा वापराने करायची असेल तर आकडे हाताशी आहेत. कारखाना बंद पडल्यानंतरही एम-४१सी फौजेत राहिले. लेपर्ड-१ए५ येईपर्यंत त्यांच्यावर प्रशिक्षण चालले. २०१८ मध्ये ब्राझीलने त्यांतले २५ शेजारच्या उरुग्वेला दिले आणि उरुग्वेच्या फौजेने ते सेवेत घेतले. कारखाना सोडल्यावर तीन दशकांनी दुसरा देश जे वाहन स्वीकारतो, त्याच्या फेरबांधणीला ठिगळकाम म्हणता येत नाही. संदर्भग्रंथांच्या संपादकांनी आणि संग्रहालयांनी एम-४१सी च्या नोंदीत निर्माता या रकान्यात कॅडिलॅक आणि बर्नार्दिनी ही दोन्ही नावे शेजारी शेजारी छापावीत. नॉर्वेच्या एनएम-११६ च्या नोंदीत नॅपको आणि थुने-युरेका यांनाही तोच न्याय मिळायला हवा.